जुन्या गिअरबॉक्सला शिफ्टर जुळवताना

१९६०च्या दशकातली अमेरिकन गाडी हाती घेतलेल्या माणसाची तक्रार बहुधा ठरलेली असते. गिअरचा दांडा वरणातल्या पळीसारखा फिरतो, पहिला टाकायला जावं तर तिसरा पडतो आणि कधी मधेच सगळं अडकून बसतं. मग नवा शिफ्टर घ्यायचं ठरतं. दुकानदार विचारतो, गाडी कोणती? मालक सांगतो, १९६७ची कॅमारो. चुकीच्या सामानाची खरेदी इथूनच सुरू होते. कारण शिफ्टर आधी गिअरबॉक्सशी जुळावा लागतो, मग गाडीच्या तळाशी आणि शेवटी सीटशी. गाडीचं नाव या तिन्हींबद्दल पुरेसं काही सांगत नाही.

आधी शिफ्टरचं काम समजून घेऊ. गिअर बदलताना हात दोन हालचाली करतो. दांडा आडवा सरकवला की कोणती जोडी हलवायची ते ठरतं: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा की रिव्हर्स. पुढे-मागे केला की त्या जोडीतला गिअर पडतो. आजच्या बऱ्याच गाड्यांत ही निवड गिअरबॉक्सच्या पोटात किंवा त्याच्या माथ्यावर होते. पण त्या काळातल्या जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलरच्या चार गिअरच्या पेट्यांत निवड बाहेर व्हायची. पेटीच्या डाव्या अंगाला तीन आर्म, त्यांना जोडलेले तीन रॉड आणि रॉडच्या दुसऱ्या टोकाला शिफ्टर. शिफ्टरच्या आत तीन पट्ट्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. दांड्याची खीळ एका वेळी एकाच पट्टीत अडकते आणि तीच पट्टी आपला रॉड ढकलते.

आपल्याकडे कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली, त्यांना हे लगेच कळेल. तिचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवर होता आणि हाताची हालचाल सांध्यासांध्यांतून खाली पेटीपर्यंत जायची. बुश झिजले की गिअर अडकायचा, आणि गॅरेजवाला बॉनेट उघडून एक झटका देऊन तो सोडवायचा. दांड्यापासून पेटीपर्यंत जितके सांधे, तितका प्ले.

आता पेटी ओळखायची. एक नेहमी भेटणारं उदाहरण घेऊ. शेव्हरलेच्या मोठ्या इंजिनांना मिळणारी मन्सी ही पेटी इंडियाना राज्यातल्या मन्सी शहरातल्या कारखान्यात १९६३ ते १९७४ या काळात बनली. तीच पेटी कॉर्व्हेटमध्ये, कॅमारोत, शेव्हेलमध्ये आणि पाँटिअॅकच्या जीटीओतही बसली. उलट, त्याच वर्षीच्या त्याच कॅमारोत लहान इंजिन असेल तर सॅगिनॉ नावाची वेगळी पेटी यायची. म्हणजे एक पेटी चार गाड्यांत आणि एका गाडीत दोन पेट्या. त्यात पन्नास-साठ वर्षांत कुणी काय बदललं असेल, त्याचा हिशेब नाही.

त्यामुळे गाडी सपाट जागी लावावी, चाकांना अडण द्यावं, जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी आणि टॉर्च घेऊन खाली शिरावं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

डाव्या बाजूला पेटीचं साइड कव्हर दिसेल. त्याचे बोल्ट मोजा. सात असतील तर पेटी मन्सी किंवा सॅगिनॉ असण्याचा संभव. नऊ असतील तर ती बोर्ग-वॉर्नरची टी-१० घराण्यातली. सात बोल्ट निघाले तर रिव्हर्सचा आर्म कुठे आहे ते पाहा. सॅगिनॉत तिन्ही आर्म साइड कव्हरवरच असतात. मन्सीत कव्हरवर दोनच असतात आणि रिव्हर्सचा तिसरा मागे, शेपटाच्या भागात असतो. शंका उरली तर पेटीच्या मुख्य अंगाला लोहचुंबक लावा. सॅगिनॉचं अंग बिडाचं, तिथे चुंबक चिकटतो. मन्सी अॅल्युमिनियमची, तिथे तो घसरून पडतो. साइड कव्हरच नसेल, झाकण माथ्यावर असेल आणि आर्म तरीही डावीकडे असतील, तर ती फोर्डची टॉपलोडर.

ही ओळख इतकी महत्त्वाची का? रिव्हर्सच्या आर्मची जागा बदलली की त्या रॉडची लांबी आणि वळण बदलतं. सॅगिनॉचा संच मन्सीला लावायला गेलात तर दोन रॉड कदाचित बसल्यासारखे वाटतील, तिसरा मात्र हवेतच राहील. तीन गिअरच्या जुन्या पेट्यांची कथा आणखी वेगळी. त्यांना दोनच आर्म असतात: एक पहिला आणि रिव्हर्सचा, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्याचा. तिथे चार गिअरचा शिफ्टर निरुपयोगी.

मन्सी आहे हे पक्कं झालं तरी एक बारकावा उरतो, आणि बरेच लोक इथेच अडतात. १९६८पर्यंतच्या मन्सीत कव्हरमधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला आटे असतात. त्यावर आर्म चढवून वरून नट आवळतात. १९६९पासून शाफ्टच्या पोटात आटे आले आणि बाहेरून बोल्ट आवळायची पद्धत सुरू झाली. आर्म घेताना शाफ्टच्या टोकाचा जवळून फोटो काढून ठेवावा आणि विक्रेत्याला तोच दाखवावा. शब्दांत सांगण्यापेक्षा ते बरं. शिवाय साइड कव्हर पूर्वी कधी बदललेलं असू शकतं, म्हणून गाडीच्या वर्षावर विसंबू नये, टोक पाहावं.

यानंतर शिफ्टर टेकतो कुठे, हा प्रश्न. काही मांडण्यांत त्याचा आधार गाडीच्या क्रॉसमेंबरवर असतो. इंजिन आणि पेटी रबरी माउंटवर उभी असल्यामुळे जोरात वेग घेताना ती पिळतात, क्रॉसमेंबर मात्र जागचा हलत नाही. मग रॉड ताणले जातात आणि नेमकी घाई असते तेव्हाच गिअर पडत नाही. आधार पेटीच्या शेपटावर घेतला की शिफ्टर आणि पेटी एकत्र हलतात आणि हा ताण नाहीसा होतो. हर्स्ट कंपनीच्या शिफ्टरचं नाव झालं ते बरंचसं अशा ठाम बांधणीमुळे. १९६४ची जीटीओ कारखान्यातूनच हर्स्ट शिफ्टर घेऊन आली, १९६९ची कॅमारोही. माझं स्पष्ट मत आहे की गाडी प्रदर्शनात मूळ रूपातच ठेवायची नसेल, तर शेपटावर बसणारा शिफ्टरच निवडावा.

पण हर्स्टचा शिफ्टर म्हणजे नेमकं काय विकत घेतो आपण? मधलं यंत्र अनेक गाड्यांना सारखंच चालतं. गाडीनुसार बदलतात ती माउंटिंग प्लेट, तीन रॉड, तीन आर्म आणि वरचा दांडा. जुन्या बाजारात चकचकीत यंत्र आणि दांडा स्वस्तात मिळतो, रॉड मात्र नसतात. ते वेगळे शोधताना वाचलेले पैसे निघून जातात. रॉड वाकवून जुळवण्याचा मोह टाळावा. वाकवलेला रॉड ताणाखाली सरळ होऊ पाहतो आणि केलेली जुळणी बिघडवतो.

दांड्याचं वळण सीटवर ठरतं. सलग बाकासारखी सीट असेल तर दांडा पुढून वळसा घेऊन वर यावा लागतो, नाहीतर दुसरा आणि चौथा टाकताना तो सीटला आपटतो. वेगळ्या बकेट सीट आणि मधे कन्सोल असेल तर कन्सोलचं भोक कुठे आहे ते मोजावं.

सगळं सामान जमलं की जुळणी. पेटीवरचे तिन्ही आर्म हाताने हलवून मधल्या खाचेत, म्हणजे न्यूट्रलमध्ये आणावेत. आतली गोळी खाचेत बसल्याचं हाताला स्पष्ट जाणवतं. शिफ्टरच्या अंगात आरपार एक भोक असतं. तिन्ही पट्ट्या न्यूट्रलमध्ये आल्या की त्यातून पाव इंची पिन सरळ पार जाते. पिन आत ठेवूनच एकेका रॉडचं आट्यांचं टोक फिरवत राहायचं, ते आपल्या भोकात जोर न लावता सरकेपर्यंत. दाबून बसवावं लागलं तर अजून अर्धा फेरा हवा. क्लिप लावा, पिन काढा आणि सगळे गिअर टाकून पाहा. दांडा पुढे ढकलल्यावर तिसऱ्याऐवजी चौथा पडत असेल तर तो आर्म उलटा बसलाय. रॉडशी झगडण्यापेक्षा आर्म काढून फिरवून बसवा.

शेवटी स्टॉप बोल्ट. हे बोल्ट दांड्याची धाव रोखतात, म्हणजे जोरात मारलेल्या गिअरचा धक्का पेटीतल्या फोर्कला बसत नाही. दांडा तिसऱ्यात धरून ठेवायचा, बोल्ट टेकेपर्यंत आत घ्यायचा, एक फेरा मागे आणायचा आणि नट आवळायचा. चौथ्यासाठी दुसऱ्या बोल्टवर तेच. हे काम पाच मिनिटांचं, पण ते टाळल्यामुळे वाकलेले फोर्क बदलायला पेटी उघडावी लागते.

१९६९ किंवा त्यानंतरची जनरल मोटर्सची गाडी असेल तर आणखी एक रॉड दिसेल, रिव्हर्सपासून स्टिअरिंगच्या कॉलमकडे जाणारा. त्या वर्षी किल्ली कॉलमवर आली, आणि रिव्हर्स टाकल्याशिवाय ती निघू नये यासाठी हा रॉड आहे. शिफ्टर बदलताना तो फेकू नका; नव्या संचात तो बसतो का, हे घेण्याआधीच विचारा.

आणि हे सगळं करण्याआधी जुन्या शिफ्टरला एक संधी द्या. रॉड काढा, प्रत्येक टोकाचा बुश पाहा, भोकं अंडाकृती झाली आहेत का ते तपासा, यंत्र रॉकेलने धुऊन ग्रीस भरा. बुश आणि क्लिपांचा नवा संच नव्या शिफ्टरच्या मानाने अगदी थोडक्यात येतो. भोकं गोल असतील आणि पट्ट्या सरळ असतील, तर मूळ शिफ्टरइतका जुळणारा दुसरा शिफ्टर तुम्हाला बाजारात मिळणार नाही.