ड्रॉ पडला का, भावा?

सोळा संघ, बाद पद्धत. पहिल्या फेरीच्या जोड्या किती प्रकारे लागू शकतात? २० लाख २७ हजार २५ प्रकारे! त्यातला एकच प्रकार कागदावर उतरतो, आणि तो उतरला की कोल्हापूरच्या पेठांत पहिला प्रश्न ठरलेला: ‘आपल्याला कोण आलंय?’ दुसरा लगेच पाठोपाठ: ‘आणि पीटीएम कुठल्या हाफात?’ मग कट्ट्यावर उपांत्य फेरीपर्यंतचे सगळे निकाल लागून मोकळे होतात. चेंडूला अजून कुणाचा पायही लागलेला नसतो.

परगावचा माणूस संघांची नावं ऐकून चक्रावतो. पाटाकडील तालीम मंडळ (म्हणजेच पीटीएम), दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम... ही यादी कुस्तीची नाही, फुटबॉलची आहे. राजर्षी शाहू महाराजांनी या शहराला कुस्तीचं वेड लावलं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं, आणि १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं. तालमी तर पेठेपेठेत होत्याच. फुटबॉल आला तेव्हा त्याला वेगळं घर शोधावं लागलं नाही, तालमींनीच त्याला पोटाशी धरलं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातली केएसए, १९४० ची. वरिष्ठ गटाचे सामने होतात शाहू स्टेडियमवर, आणि मानाची स्पर्धा म्हणजे श्री शाहू छत्रपती केएसए लीग. लीगच्या पुढेमागे चषकांची रांग: महापौर चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक. प्रत्येक चषकाला नवा ड्रॉ, आणि प्रत्येक ड्रॉला नवी चर्चा.

आवडता संघ निवडण्याची भानगड इथे नाही. ज्या पेठेत पाळणा हलला, त्या पेठेचा संघ आपला. एखादा खेळाडू हंगामाच्या नोंदणीत दुसऱ्या तालमीकडे गेला, तर ती बातमी लग्न मोडल्यासारखी सांगितली जाते.

असंच वेड सात समुद्रापार आयर्लंडमध्ये आहे. तिथला गेलिक फुटबॉल हा वेगळाच खेळ: एका बाजूला पंधरा जण, चेंडू हातानेही खेळता येतो, जाळ्यात मारला तर तीन गुण आणि आडव्या दांड्यावरून, दोन खांबांच्या मधून काढला तर एक. २०२५ पासून लांबून, म्हणजे ४० मीटरच्या कमानीबाहेरून, तसा काढला तर दोन. ही सगळी घडी बसवणारी संघटना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात जन्मली. खेळाडूंना पगार नाही. गाव तोच संघ, जिल्हा तोच संघ. दिवसभर शाळेत शिकवणारा मास्तर रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८२ हजारांसमोर उतरतो. केरी या एका जिल्ह्याने संपूर्ण आयर्लंडचं अजिंक्यपद तब्बल ३९ वेळा पटकावलंय. ड्रॉची गंमत अशी की, कॉनॉक्ट प्रांताच्या स्पर्धेत लंडन आणि न्यूयॉर्कचे संघही असतात! देश सोडून गेलेल्यांचाही ‘आपला जिल्हा’ तिथे मोजला जातो. १९४७ साली तर अंतिम सामनाच न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाला. त्याच्या शंभर वर्षं आधीच्या दुष्काळात जे परदेशी गेले, त्यांच्या आठवणीसाठी. कॅव्हनने केरीला हरवलं. आपल्याकडेही असं एकदा घडलंय: २०२३ मध्ये संतोष करंडकाची उपांत्य आणि अंतिम फेरी थेट सौदी अरेबियात, रियाधला झाली.

आता कट्ट्यावरच्या खऱ्या वादाकडे येऊ. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील हे दोन मोठे संघ ‘फायनललाच भेटावेत’ ही अनेकांची इच्छा. सोळा संघांच्या निव्वळ चिठ्ठ्या टाकल्या, तर या दोघांची पहिल्याच फेरीत गाठ पडण्याची शक्यता १५ मध्ये १. दोघं एकाच हाफात अडकण्याची शक्यता १५ मध्ये ७. म्हणजे दोघांना अंतिम सामन्याची वाट मोकळी राहण्याची शक्यता १५ मध्ये ८, निम्म्याहून जेमतेम जास्त. त्यामुळे मोठे संघ लवकर भिडले की ‘कुणीतरी मुद्दाम केलंय’ असं म्हणण्याआधी हा आकडा आठवावा. जवळजवळ निम्म्या वेळा ते आपोआपच एकाच हाफात येणार! मानांकन देऊन एकाला वरच्या टोकाला आणि दुसऱ्याला खालच्या टोकाला बसवलं की प्रश्न मिटतो, पण मग तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या संघाचं काय, हा नवा वाद उभा राहतो. माझं मत स्पष्ट आहे: मागच्या हंगामाच्या क्रमवारीवरून पहिले चार संघ चार कोपऱ्यांत ठेवावेत, आणि बाकीच्या चिठ्ठ्या सगळ्यांदेखत काढाव्यात.

एक सोपं कोडं लहान पोरांना घालून बघा. ३७ संघांच्या बाद स्पर्धेत एकूण सामने किती? कागद-पेन्सिल लागत नाही. उत्तर ३६. प्रत्येक सामना एकाच संघाला बाहेर काढतो, शेवटी एकच उरायचा, म्हणून संघांपेक्षा सामने एकने कमी. आणि बाय किती? ३७ च्या पुढचा, दोनच्या दुपटी-दुपटीतला आकडा ६४. त्यातून ३७ वजा करा: २७ संघांना पहिली फेरी न खेळताच पुढे चाल. अकरा संघ असतील तर पाच बाय. बाय मिळालेल्या संघाचा पाठीराखा त्या दिवशी शहरात सर्वांत शांत माणूस असतो.

चिठ्ठीचा खेळ काय काय करू शकतो, याचे जगातले नमुने ऐकाच.

१९५४ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी. स्पेनने तुर्कस्तानला ४-१ हरवलं, परतीच्या सामन्यात तुर्कस्तान १-० जिंकलं. गोलफरक तेव्हा धरत नसत! रोममध्ये निर्णायक सामना झाला, तो २-२ सुटला. मग एका इटालियन पोराच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याला चिठ्ठी काढायला लावली. त्याने तुर्कस्तान काढलं. तीन सामन्यांत सहा गोल मारलेला स्पेन घरी.

१९६८, नेपल्स, युरो स्पर्धेची उपांत्य फेरी. इटली आणि सोव्हिएत संघ जादा वेळेनंतरही ०-० वर. टायब्रेकर नव्हता. नाणं उडवलं, इटलीचा कर्णधार फाकेत्ती नाणेफेक जिंकला, आणि इटलीने पुढे चषकही जिंकला. शाहू स्टेडियमवर टायब्रेकरला ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांनी त्या नाण्याचा विचार करावा.

१९८२ च्या विश्वचषकाचा ड्रॉ माद्रिदमध्ये स्पॅनिश लॉटरीच्या पिंजऱ्यांतून काढला. पिंजरे अडकले, एक चेंडू फुटला, स्कॉटलंड आधी चुकीच्या गटात गेलं. १३ डिसेंबर २०२१ ला चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ मँचेस्टर युनायटेडच्या बाबतीतल्या घोळामुळे त्याच दिवशी संपूर्ण नव्याने काढावा लागला. म्हणजे करोडोंचा कारभार असलेल्यांचंही चुकतं. फरक एवढाच की, चूक जगासमोर झाली म्हणून ती जगासमोर सुधारावी लागली.

इंग्लंडच्या एफए कपचा ड्रॉ १९३५ मध्ये पहिल्यांदा रेडिओवरून ऐकवला, तेव्हा बीबीसीने एक खास विनंती केली होती: पिशवी जरा जोरात हलवा, म्हणजे आतल्या गोट्यांचा आवाज लोकांना ऐकू येईल. दिसत नसलं तरी ऐकू तर आलं पाहिजे! त्याच कपच्या १९७१ च्या पात्रता फेरीत अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांचा निकाल लागायला सहा सामने लागले. मिळून ११ तासांचा खेळ.

पण कोल्हापूरला सगळ्यात जास्त लागू पडणारी गोष्ट स्पेनमधल्या हिहोन शहरातली आहे, आणि ती चिठ्ठीची नाही, वेळापत्रकाची आहे. २५ जून १९८२. विश्वचषकाच्या गटातला शेवटचा सामना, पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया. अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशीच संपलेले. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली तर जर्मनी-ऑस्ट्रिया दोघंही पुढे, अल्जीरिया बाहेर, हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला. पुढची ऐंशी मिनिटं चेंडू नुसता इकडून तिकडे. लोकांनी शिट्ट्या मारल्या, नोटा हलवून दाखवल्या. त्यानंतर विश्वचषकात गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करायचा नियम झाला. आणि योगायोग पाहा: २०२६ च्या विश्वचषकाचा ड्रॉ ५ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये पडला, ४८ संघ, १२ गट, १०४ सामने, त्यात अल्जीरिया आणि ऑस्ट्रिया पुन्हा एकाच गटात आले. बरोबर कोण? मेस्सीची अर्जेंटिना आणि जॉर्डन. विश्वचषक आला की अर्जेंटिना-ब्राझीलच्या झेंड्यांनी नटणाऱ्या आपल्या गल्ल्यांत हा गट पाठ झाला नसता तरच नवल.

हिहोनची गोष्ट आपली कशी? कारण आपल्या वरिष्ठ फुटबॉलला स्टेडियम एकच. गणित बघा. सोळा संघ सगळे सगळ्यांशी खेळले तर १२० सामने. रोज दोन धरले, एक दुपारी दोनला आणि एक चारला, तर सलग ६० दिवस. आठ-आठचे दोन भाग केले तर प्रत्येकी २८, मिळून ५६ सामने, २८ दिवस. शिवाय या दिवसांत शिवजयंती येते, दहावी-बारावीच्या परीक्षा येतात, चैत्रात जोतिबाची यात्रा येते, मधूनच चषक स्पर्धा येतात आणि पावसाळ्याआधी सगळं उरकायचं असतं. वेळापत्रक करणाऱ्यांचं काम किती नाजूक, हे यावरून कळतं. पण एका स्टेडियममुळे शेवटचे दोन सामने एकाच वेळी होऊच शकत नाहीत. चारच्या सामन्यात उतरणाऱ्या संघाला दोनच्या सामन्याचा निकाल हातात मिळालेला असतो. किती गोल पुरतील, बरोबरी चालेल का, सगळं माहीत. हे कुणाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवणं नाही, वेळापत्रकातली फट आहे.

ती बुजवता येते, आणि त्यासाठी नवं स्टेडियम बांधावं लागत नाही. आठ संघांच्या साखळीचं वेळापत्रक करण्याची जुनी रीत अशी: एक संघ जागेवर ठेवायचा, बाकीचे सात गोल फिरवायचे, सात फेऱ्यांत सगळे सगळ्यांशी खेळून होतात. फिरवायला सुरुवात कुठल्या क्रमाने करायची, ते आपल्या हातात असतं. मग क्रम असा लावावा की मागच्या हंगामातले पहिले दोन संघ एकमेकांशी शेवटच्या फेरीत, शेवटच्या सामन्यात भिडतील. दोघं पुन्हा शर्यतीत राहिले, तर तिथे हिशेब चालत नाही, एकाला तरी जिंकावंच लागतं. आणि स्टेडियम ओसंडून वाहील ते वेगळंच.

या स्टेडियमला असा मान द्यायलाच हवा. रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव याच शहरातून निघाला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळांनी, गांधी मैदान आणि मेरी वेदर मैदानाच्या धुळीने किती खेळाडू घडवले, ते पेठेतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, नावं घेता घेता संध्याकाळ होईल. गर्दीच्या सामन्यांत गॅलरीतली भांडणं मैदानात उतरून खेळ थांबल्याचे दिवसही याच शहराने पाहिलेत, आणि त्या प्रत्येक दिवसाने अशाच पोरांचे सामने बुडवलेत.

तेव्हा पुढचा ड्रॉ पडेल त्या दिवशी दोन कामं करा. चिठ्ठ्या जाहीरपणे काढायला लावा, तालमीचा एक माणूस समोर बसवा. आणि आपल्या संघाचा चारचा सामना असला, तरी दोन वाजताच गॅलरीत या. दोनला खेळणारीही कुठल्या तरी पेठेची पोरं आहेत, त्यांनाही टाळ्या लागतात.