तळ्यात कॅमेरा बुडवण्यापूर्वी

पाण्याखालचा फोटो धुरकट, हिरवट आणि बिनधारेचा निघाला की दोष कॅमेऱ्यावर जातो. कॅमेरा एकदा वापरून लॅबमध्ये द्यायचा, प्लास्टिकच्या भिंगाचा असेल तर जातोच. फुजीचा क्विकस्नॅप वॉटरप्रूफ हा या जातीचा ओळखीचा नमुना. २७ फोटोंचा रोल, आयएसओ ८०० ची फिल्म, ३२ मिलिमीटरचे भिंग, एफ/१० चे न बदलणारे छिद्र, सेकंदाच्या १२५व्या भागाचे न बदलणारे शटर आणि १० मीटर खोलीपर्यंतची मुभा. फ्लॅश नाही, फोकस करण्याची सोयही नाही. यादी वाचून खेळणे वाटते, पण प्रकाशाचा हिशेब मांडला तर हे खेळणे पाण्यासाठीच बेतलेले दिसते. लख्ख उन्हात आयएसओ ८०० ला एफ/१६ आणि सेकंदाचा ८००वा भाग पुरतो, हा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा. क्विकस्नॅप त्याच्या सुमारे सोळापट प्रकाश आत घेतो. जमिनीवर ही उधळपट्टी असते. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश बराच पचवते म्हणून खपून जाते. पाण्याखाली मात्र ऊन मंदावत मंदावत सोळाव्या हिश्शावर येईपर्यंत फिल्म उपाशी राहत नाही. लुई बुताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ साली बान्यूल्सच्या समुद्रात फोटो काढले, तेव्हा एकेका फोटोला अर्ध्या तासापर्यंत वेळ द्यावा लागत असे. त्या मानाने अंधार ही अडचण इथे फारशी नाही.

अडचण आहे अंतराची, आणि ती दोन्ही बाजूंनी येते. या कॅमेऱ्याला साधारण एक मीटरच्या अलीकडचे स्पष्ट दिसत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने सपाट खिडकीतून पाहताना पाण्यातली वस्तू तीनचतुर्थांश अंतरावर असल्यासारखी भासते. म्हणजे भिंगाला एक मीटरवर वाटणारी वस्तू खरे तर सव्वा मीटरच्याही पुढे, १.३३ मीटरवर असते. ही झाली अलीकडची हद्द. पलीकडची हद्द पाणी ठरवते. पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण प्रकाश विखुरतो, आणि धुक्यात समोरचे झाड पुसट व्हावे तसा विषय फिका पडत जातो. दिसायला दिसतो, पण काळे-पांढरे एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून पाण्यात आडवे जितके दूर दिसते त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या आतच फोटो घ्यावा, असे पाणबुडे छायाचित्रकार सांगतात. आता दोन्ही हद्दी जुळवून पाहा. विषय १.३३ मीटरच्या पलीकडे हवा आणि दृश्यतेच्या चौथ्या हिश्शाच्या अलीकडेही हवा. दृश्यता पाच-सहा मीटर नसेल तर या दोहोंच्या मध्ये जागाच उरत नाही.

रायपूरकरांना या हिशेबाचा अर्थ सांगायला नकोच. बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध ही तळी शहराचे वैभव आहेत, पण पोषकद्रव्यांनी भरलेल्या उथळ पाण्यात शेवाळाचे सूक्ष्म जीव वाढतात, गाळ ढवळला जातो आणि पाणी हिरवे-मातकट होते. शेवाळातले हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश खाते, हिरवा सोडते. फोटोतला हिरवट रंग तिथून येतो, फिल्मच्या खराबीतून नव्हे. आंजेलो सेकी या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कुठे दिसेनाशी होते हे मोजले. आजही तलावांचे अभ्यासक हीच चकती वापरतात. कॅमेऱ्याचे पाकीट फोडण्यापूर्वी तशीच पांढरी ताटली दोरीला बांधून काठावरून सोडावी. हातभर खोलीवरच ती हरवली, तर कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. पावसाळ्यात खारुन किंवा महानदीत ताटली सोडण्याचेही कष्ट नकोत.

मग हा कॅमेरा चालतो कुठे? स्वच्छ तरणतलावात, आणि तिथे झकास चालतो. पाणी नितळ, तळाची फिकी फरशी प्रकाश परतवते, खोली थोडी. रंगाचाही प्रश्न तिथे सौम्य असतो. पाणी लाल प्रकाश फार लवकर शोषते: ६५० नॅनोमीटरचा लाल शुद्ध पाण्यात दर मीटरला जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, आणि वाट मोजायची ती पृष्ठभागापासून विषयापर्यंत व विषयापासून भिंगापर्यंत, अशी दोन्ही मिळून. मीटरभर खोलीवर, दीड मीटरवरून घेतलेल्या फोटोत लाल चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त उरतो. मालवणला सिंधुदुर्गाजवळ पाच मीटर खाली उतरलात तर तेवढ्याच अंतरावरून जेमतेम नववा हिस्सा. तिथेही पावसाळ्यानंतर, समुद्र निवळल्यावर आणि ऊन डोक्यावर असताना फोटो मिळतील, पण निळसर मिळतील. विषयही मोठा निवडावा. पाण्यात या भिंगाचा कोन अरुंद होतो, १.३५ मीटरवर चौकटीत साडेतीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच एवढेच मावते. पोहणाऱ्याचा चेहरा आणि हात त्यात छान बसतात, बोटभर मासा ठिपका होतो.

लाल रंग स्कॅन करताना वाढवता येतो, असे कोणी म्हणेल. थोडा येतो. पण फिल्मवर जे उमटलेच नाही ते वाढवायला गेले की फक्त दाणे मोठे होतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे: वॉटरप्रूफ पाऊचमधला मोबाइल असताना हा खटाटोप का? जवळून फोकस करण्यात मोबाइल निर्विवाद सरस आहे, म्हणून गढूळ पाण्यात काही मिळालेच तर त्यालाच मिळेल. मात्र पाण्याखाली त्याचा पडदा बोटाला दाद देत नाही. फोनच्या जलरोधकतेची आयपी६८ चाचणी गोड्या पाण्यात, ठरावीक खोलीवर, ठरावीक वेळापुरती होते. खारे पाणी आणि क्लोरीन त्यात धरलेले नसते. पाऊच गळला तर महागडा फोन जातो, क्विकस्नॅप गेला तर सत्तावीस फोटो. मुलांच्या हाती तरणतलावात काय द्यावे, याचे उत्तर मला त्यात सरळ दिसते.

विमानाने मालवणकडे किंवा गोव्याला निघणाऱ्यांनी एक पाळावे. आयएसओ ८०० ची फिल्म क्ष-किरणांना हळवी असते आणि चेक-इन सामानाची यंत्रे ती धुरकटवू शकतात. कॅमेरा हातातल्या बॅगेत ठेवा आणि तो हातानेच तपासावा, अशी सुरक्षा कर्मचाऱ्यांना विनंती करा.