जुन्या बाजारातला रंधा

पुण्यात नवी हत्यारं घ्यायची तर माणूस रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जातो. तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, मंगळवार पेठेत कुंभारवेशीच्या बाजूला, दर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. ज्याला लाकडात हात घालायचाय आणि पैसे बेताचे आहेत, त्यानं आधी जुन्या बाजाराचा रस्ता धरावा, असं माझं ठाम मत आहे. तिथं मिळणारं हत्यार नुसतं स्वस्त नसतं, पुष्कळदा ते नव्यापेक्षा चांगलं असतं.

ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, पितळी कुलपं, बंद पडलेली घड्याळं, चार्जरच्या वायरींचे गुंते. त्यात एखादा गंजून तांबडा झालेला लोखंडी ठोकळा पडलेला असतो. मागे लाकडी मूठ, पुढे लाकडी गोटा, मध्ये तिरकं बसवलेलं पातं. हा बीडाचा रंधा.

आपल्याकडच्या लाकडी रंध्यात पातं पाचरेनं अडकवतात. कमी-जास्त करायचं तर हातोडीनं टिचक्या मारायच्या, आणि त्या टिचकीचा अंदाज यायला उमेदवारीची वर्षं जातात. लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिरानं 1858 आणि 1867 मध्ये घेतलेल्या पेटंटांतून यावर तोड काढली. पात्याच्या मागे त्यानं फिरवायचं चाक दिलं. बोटानं फिरवलं की 45 अंशांत टेकलेलं पातं केसभर खाली-वर होतं. 1869 मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन इथल्या स्टॅन्ले कंपनीनं त्याचे हक्क घेतले. पुढे पेटंटांची मुदत संपल्यावर इतरांनीही तोच नमुना उचलला. शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचे ‘रेकॉर्ड’ रंधे 1931 पासून बाजारात आले. स्टॅन्लेचा 4 नंबर म्हणजे रेकॉर्डचा 04, लांबी साधारण 9 इंच. 5 नंबर म्हणजे 05, लांबी 14 इंच. एवढं तोंडपाठ असलं तरी ढिगाऱ्यात पुरेसं होतं. आज दुकानात मिळणारे नवे रंधेही बहुतेक याच घडणीचे असतात.

शेफील्डची हत्यारं इथं आली ती कामासाठी. जीआयपी रेल्वेची माटुंग्याची डबे दुरुस्तीची कार्यशाळा 1915 ची. तेव्हा डबे लाकडी बांधणीचे असत आणि ते बांधणारे-दुरुस्त करणारे सुतार मोठ्या संख्येनं लागत. 1955 मध्ये पेरांबूरचा कारखाना सुरू होऊन पोलादी डबे बाहेर पडू लागले आणि ते काम आटत गेलं. कोल्हापूरच्या फौंड्र्यांमध्ये ओतकामासाठी लाकडी पॅटर्न घडवणारे कारागीर होते. आता त्यांतलं बरंचसं काम संगणकावर चालणारी यंत्रं करतात. शिवाय प्लायवूड आणि सनमायका आल्यावर घरोघरच्या सुतारालाही रंध्याचं काम उरलं नाही. घरातला म्हातारा सुतार गेला की मुलं पेटी उघडतात, पान्हे-हातोडी ठेवून घेतात आणि रंधे-पटाश्या भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. जुन्या हत्याराचा तळाचा भाव ठरतो तो तिथं, किलोवर. त्यामागचा हात हिशेबात धरला जात नाही याचं मला वाईट वाटतं, पण शिकाऊ माणसाला हत्यार परवडतं तेही त्याचमुळे.

आता पाहायचं कसं. गंजाला भ्यायचं कारण नाही, तडा मात्र नको. बीड ठिसूळ असतं. रंधा हातातून फरशीवर पडला की तळाच्या फटीच्या, म्हणजे तोंडाच्या, कोपऱ्यात तडा जातो. म्हणून आधी तोंड अंगठ्यानं पुसून उन्हात तिरकं धरावं. कुणी वेल्डिंग केलेलं दिसलं तर तो रंधा खाली ठेवावा, वेल्डिंगच्या उष्णतेनं तळ वाकडा झालेला असण्याची शक्यता मोठी. मग पातं काढून पालथं करावं. धारेच्या उताराच्या अंगाला गंजाचे खड्डे असले तर चालतात. सपाट अंगाला धारेजवळ खोल खड्डे असतील तर धार कधीच अखंड लागायची नाही. धारेशी निळी-जांभळी झाक दिसली तर कुणीतरी ग्राइंडरवर घाई केली आहे; तेवढ्या भागाचं पाणी उतरलंय आणि तो घासून टाकावा लागेल. पात्याच्या लांब खाचेपासून धारेपर्यंत पोलाद किती उरलंय तेही बघावं, कारण तेच त्या पात्याचं उरलेलं आयुष्य.

स्क्रू मोजून घ्यावेत. हे नवखे लोक विसरतात. स्टॅन्लेच्या काही स्क्रूंचं माप इंचाच्या 9/32, इंचाला 24 आटे असं आहे, आणि ते हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. मूठ तुटलेली असेल तर बिनधास्त घ्यावा. शिसवीच्या तुकड्यातून ती घरी घडवता येते. स्क्रू घरी होत नाही.

घासाघीस करताना सरळ बोललेलं बरं. “दादा, पात्याला गंज आहे, मूठ बदलावी लागंल, नीट सांगा.” “घ्या साहेब, भवानी व्हायचीय.” सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला विक्रेता सहसा परत पाठवत नाही. नावाजलेल्या शिक्क्याचा भाव तो जाणून असतो, कारण दिवाणखान्यात शोभेला ठेवायला रंधे नेणारी गिऱ्हाइकंही त्याच्याकडे येतात. मला ते पटत नाही. कापायला केलेलं हत्यार कापतं राहिलं पाहिजे. अशा वेळी बिननावाचं, पण चांगल्या पोलादाचं हत्यार शोधावं.

पटाश्यांत ते हमखास सापडतं. पट्टीवर इंग्रजीत ‘कास्ट स्टील’ असा शिक्का दिसला की थांबावं. हे ओतीव बीड नव्हे, मुशीत वितळवलेलं पोलाद. 1740 च्या सुमारास बेंजामिन हंट्समन यानं शेफील्डला ही रीत बसवली. मुशीतलं पोलाद आपल्याकडे, तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत, त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होत होतं. जुन्या पटाशीच्या कडेवर पुष्कळदा एक बारीक रेघ दिसते: वर मऊ लोखंड, खाली कडक पोलादाची पातळ पट्टी, भट्टीत एकजीव केलेली. अशी पटाशी दगडावर पटकन धरते आणि धार राखते.

करवतीचं एकच सांगतो. टोकापासून मुठीपर्यंत डोळा लावून पाहावी. पातं पिरगळलेलं असेल तर सोडून द्यावी, दात बोथट असतील तर घ्यावी. जुन्या करवतीचे दात कानशीनं पुन्हा पाजळता येतात. हल्लीच्या पुष्कळ करवतींचे दात इतके कडक केलेले असतात की त्यांना कानस लागतच नाही; बोथट झाली की फेकायची.

घरी आणल्यावर गंज उतरवायला प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा घ्यावा. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरचं ऋण टोक हत्याराला, धन टोक एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला जोडून दोन्ही बुडवावीत, एकमेकांना लागू देऊ नयेत, आणि चार्जर त्यानंतरच चालू करावा. पट्टी स्टेनलेसची नको, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार सुटतात. हायड्रोजनही सुटतो, म्हणून हे काम गच्चीत किंवा अंगणात. काही तासांत गंज काळा चिखल होऊन सुटतो, पोलाद झिजत नाही. लगेच पुसून, वाळवून शिलाई मशीनचं तेल लावावं. रंध्याचा तळ जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासावा, पातं मात्र जागेवर कसलेलं आणि धार आत ओढलेली ठेवून, म्हणजे कामाच्या वेळी असतो तोच ताण तळावर राहतो.

मुंबईकरांनी चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला शुक्रवारी सकाळी लवकर जावं. त्या दिवशी पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर पथारीवाले बसतात. पहिल्या खेपेला 5 नंबरचा एक रंधा, अर्धा आणि पाऊण इंची दोन पटाश्या आणि एक करवत, एवढंच घ्यावं. बाकीचं काम अडेल तेव्हा.