आरे किती, हब कोणता?

आरा तुटला की खापर खड्ड्यावर फुटतं. तुटलेला आरा हातात घेऊन बघा. बहुतेक वेळा तो हबच्या फ्लँजपाशी (आरे अडकवायच्या चकतीपाशी), नेमक्या वाकवलेल्या जागी तुटलेला असतो. हे एका दणक्याचं काम नव्हे, तिथे धातू थकलेला असतो. चाकातला प्रत्येक आरा ताणून बसवलेला असतो. फिरताना तो जमिनीकडे आला की ताण उतरतो, पुढे गेला की पुन्हा चढतो. किलोमीटरला सुमारे ४७५ वेळा! हब वरच्या आऱ्यांना लटकतो, हा समजही चुकीचा आहे, कारण वरच्यांचा ताण फारसा बदलतच नाही. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे सविस्तर मांडलं आहे. मुळात ताण कमी असेल, तर खाली आलेला आरा पार ढिला पडतो आणि वाकलेली जागा लवकर थकते. म्हणून नीट ताणलेलं ३२ आऱ्यांचं चाक ढिसाळ बांधलेल्या ३६ पेक्षा जास्त टिकतं.

जाड आरा जास्त मजबूत, हाही गैरसमजच. टोकांना २ आणि मध्ये १.८ मिलिमीटर जाडीचा आरा मधल्या भागात जास्त लवचिक असतो, त्यामुळे टोकं वाचतात. अशा आऱ्यांना चार पैसे जास्त मोजावेत.

कमी आरे म्हणजे हलकी सायकल? ३६ चे ३२ केले तर निपलसकट जेमतेम ३० ग्रॅम वाचतात. शर्यतीत हवा कापायला कमी आऱ्यांचा उपयोग होतो, हे खरं. पण २० पैकी एक तुटला तर चाक इतकं आउट होतं की ब्रेकला घासतं. ३६ पैकी एक गेला तरी सहसा घर गाठता येतं.

दोन्ही चाकांना सारखेच आरे हवेत, असंही नाही. जुन्या इंग्लिश रोडस्टरला पुढे ३२, मागे ४० आरे असत, आणि दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या आपल्या काळ्या सायकलींनीही तेच प्रमाण ठेवलं. वजन मागेच जास्त पडतं. सामान लादून लांब जाणाऱ्यांनी मागे ३६ च घ्यावेत.

हबची फ्लँज मोठी म्हणून चाक आडवं कमी हलेल, असं नाही. त्यासाठी दोन फ्लँजमधलं अंतर महत्त्वाचं. महागड्या हबने वेगही फारसा वाढत नाही. टायर आणि वाऱ्याच्या विरोधापुढे बेअरिंगचा विरोध किरकोळ असतो. पैसे मोजावेत ते पावसाचं पाणी आत न शिरू देणाऱ्या सीलसाठी. हब आणि रिमची भोकं सारखी असावीत आणि आरे दोन्ही बाजूंचे मोजूनच आणावेत: गिअरच्या मागच्या चाकात उजवे आरे डाव्यांपेक्षा एक-दोन मिलिमीटर आखूड लागतात.