ओल्या कचऱ्यातली आम्ले

शहरातल्या ओल्या कचऱ्याच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. उरलेला भाग म्हणजे पिष्ट, साखर, तंतू, प्रथिने आणि तेल. असा माल जाळायचा म्हटला, तर निघणारी बरीचशी उष्णता पाणी आटवण्यातच खर्ची पडते. तो डेपोवर नुसता टाकला, तर ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करू लागतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. ढिगात आपसूक चालणारे हेच काम बंद टाकीत करून घेतले, की वायू इंधन म्हणून हाती येतो. ते मध्येच योग्य जागी अडवले, तर इंधनापेक्षा किमती रसायने मिळतात.

जालना शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २,८५,५७७ होती. २०२३ मध्ये इथल्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. दर माणशी दिवसाला ३०० ते ४०० ग्रॅम कचरा आणि त्यातला निम्मा ओला, असा ढोबळ हिशेब धरला, तर जनगणनेच्या आकड्यावरच रोजचा ओला कचरा चाळीस ते पन्नास टनांच्या घरात जातो. घरातले खरकटे, भाजीचे देठ, मोंढ्यातला सडका माल, हॉटेलांतले उरलेले अन्न यांत मोसंबीच्या साली आणि चोथा यांची भर पडते. अंबड, घनसावंगी, बदनापूर आणि जालना या तालुक्यांत मोसंबीच्या बागा पसरलेल्या आहेत. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. या एका फळामुळे इथल्या कचऱ्याचे रसायन इतर शहरांपेक्षा थोडे वेगळे होते.

कचऱ्याचे पचन हे एकट्यादुकट्या जिवाणूचे काम नव्हे. पहिला गट आपली विकरे बाहेर सोडून पिष्टाची साखर, प्रथिनांची अमिनो आम्ले आणि तेलाची मेदाम्ले करतो. दुसरा गट त्यांना आंबवून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी छोटी आम्ले, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो. तिसरा गट यांतल्या मोठ्या आम्लांचे ॲसेटिक आम्ल करतो. शेवटी येतात मिथेनजनक. हे जिवाणू नव्हेतच. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की हा सजीवांचा निराळाच वंश आहे. त्याला पुढे आर्किया हे नाव मिळाले. ॲसेटिक आम्ल फोडून किंवा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून ते मिथेन तयार करतात. टाकीतून निघणाऱ्या बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड.

या साखळीतली सगळी अडचण वेगाच्या फरकात आहे. आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, तर मिथेनजनकांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात. पंगतीत वाढपी झपाट्याने वाढत सुटावेत आणि जेवणारा मात्र सावकाश घास घेणारा असावा, तशी ही स्थिती आहे. सणावारानंतर गोडधोडाचा, मैद्याचा कचरा एकदम टाकीत गेला, की आम्ल साचते. सामू सातच्या आसपास असेपर्यंत मिथेनजनक टिकतात. तो साडेसहाच्या खाली घसरला की त्यांचे काम मंदावते आणि आम्ल आणखी साचते. अनुभवी चालक म्हणूनच सामूच्या भरवशावर राहत नाही, कारण सामू उशिरा बोलतो. तो द्रवाचा नमुना काढून त्यातली आम्ले आणि आम्ल झेलणारी क्षारता यांचे गुणोत्तर पाहतो. हे गुणोत्तर ०.३ ते ०.४ च्या वर चढू लागले, की त्या दिवसापासून टाकीचा खुराक कमी करायचा.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून वायू काढून दिवे लावले जात. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाची टाकी घडवली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ती गावोगाव नेली. गोबरगॅस म्हणून महाराष्ट्राला ओळखीची आहे ती हीच. पण शेण हे गाईच्या पोटात एकदा पचून आलेले असते. एक किलो ताज्या शेणातून जेमतेम ४० लिटर वायू मिळतो, तर तेवढ्याच खरकट्यातून त्याच्या दुप्पट-तिप्पट. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी हाच फरक हेरला. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेने स्वयंपाकघरातल्या पिष्टमय कचऱ्यावर चालणारे घरगुती संयंत्र तयार केले आणि त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात टाक्या दोन आहेत. दळलेला कचरा आधी गरम पाण्यासह हवेशीर टाकीत जातो. तिथले उष्णताप्रेमी जिवाणू काही दिवसांत त्याची आम्ले करतात आणि मगच तो बंद टाकीत मिथेनजनकांकडे पोचतो. वेगवान आणि संथ अशा दोन्ही गटांना स्वतंत्र जागा देण्याची ही रचना साधी आहे आणि शहराच्या ओल्या कचऱ्याला तीच अधिक मानवते.

जालन्यात या टाकीपुढे मोसंबीचा प्रश्न उभा राहतो. मोसंबीची साल दुमडून मेणबत्तीजवळ दाबली, तर बारीक तुषार उडतात आणि ज्योतीत चटकन पेट घेतात. सालीच्या बाहेरच्या रंगीत थरात तेलाच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या तेलात मोठा वाटा लिमोनीन या रसायनाचा असतो. झाडाने ते बुरशी आणि किडी दूर ठेवण्यासाठी राखलेले आहे. टाकीतल्या सूक्ष्मजीवांवरही ते तसेच काम करते, त्यांच्या पेशींची आवरणे बिघडवते. आम्ल करणारे जिवाणू ते बऱ्यापैकी सोसतात. मिथेनजनक मात्र सोसत नाहीत. इतर कचऱ्यात मिसळून थोड्या साली गेल्या तर काही बिघडत नाही. रस काढणाऱ्या कारखान्याचा गाडाभर चोथा एकदम गेला, तर गॅस काही दिवसांत बसू शकतो.

यावरचा उपाय स्वतःच पैसे मिळवून देणारा आहे. लिमोनीन १७६ अंश सेल्सियसला उकळते, पण वाफेबरोबर ते शंभर अंशांच्या आतच निघून येते. साली चिरून त्यांतून वाफ सोडली आणि ती थंड केली, की पाण्यावर तेलाचा थर तरंगतो. सुगंधी द्रव्ये, साबण आणि तेलकटपणा काढणारे द्रावक यांत या तेलाला मागणी असते. उरलेल्या सालीतून सौम्य आम्लाच्या मदतीने पेक्टिन निघते, जे जॅम आणि जेली घट्ट करण्यासाठी वापरतात. एवढे काढून घेतलेला चोथा टाकीला उत्तम खाद्य ठरतो. आंबिया बहाराच्या काळात मोठी फळगळ झाली, की बागांत फळांचा सडा पडतो. बाजारात न विकणारी ही साखरयुक्त फळेही टाकीला चालतात. फक्त ती एकदम न देता शेण आणि भाजीच्या कचऱ्याबरोबर मापाने द्यावी लागतात, कारण त्यांच्यात नायट्रोजन कमी आणि आम्ल जास्त. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजनचे प्रमाण २० ते ३० ला एक असे लागते.

जालन्याची दुसरी ओळख असलेले भंगारावर चालणारे स्टीलचे कारखानेही या कामात उपयोगी पडू शकतात. प्रथिने कुजताना हायड्रोजन सल्फाइड निघतो. कुजक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. तो विषारी आहे आणि इंजिनांचे धातूचे भाग खातो. गंज चढलेल्या लोखंडाच्या किसातून वायू सोडला, तर गंधक लोखंडाशी बांधले जाते आणि वायू स्वच्छ होतो. लेथवर निघणारा असा कीस जालन्यात मुबलक मिळू शकतो. निकेल आणि कोबाल्ट यांचे अंशही टाकीला लागतात, कारण मिथेन घडवणाऱ्या शेवटच्या विकरात निकेलचा अणू बसलेला असतो. निव्वळ खरकट्यावर चालणाऱ्या टाक्या महिनोन्‌महिने चालून अचानक मंदावतात, त्यामागे पुष्कळदा या अंशांची उणीव असते. थोडे शेण मिसळत राहिले की ती भरून निघते.

वायू वाहनांसाठी विकायचा असेल, तर कार्बन डायऑक्साइडही काढावा लागतो. भारतीय मानक आय. एस. १६०८७ नुसार अशा वायूत किमान ९० टक्के मिथेन हवा आणि हायड्रोजन सल्फाइड घनमीटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘सतत’ योजनेत तेल कंपन्या असा दाबलेला बायोगॅस विकत घेतात. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७ टन वायू काढण्याची आहे. त्याच प्रमाणाने जालन्याच्या चाळीस-पन्नास टनांतून सव्वा ते दीड टन वायू निघेल, म्हणजे घरगुती सिलिंडरच्या हिशेबात रोजचे नव्वद ते शंभर सिलिंडर.

मात्र मिथेन हा या साखळीतला सर्वांत स्वस्त माल आहे. त्याच्या आधीच्या पायरीवरची आम्ले किलोमागे जास्त मोलाची असतात आणि ती मिळवण्यासाठी मिथेनजनकांना रोखणे पुरेसे असते. टाकीचा सामू साडेपाच-सहाच्या आसपास ठेवला आणि माल आठवडाभराच्या आत बाहेर काढला, की संथ वाढणारे मिथेनजनक धुऊन जातात आणि आम्ले मागे राहतात. यातला सर्वांत कुतूहलाचा जीव क्लॉस्ट्रिडियम क्लुयव्हेरी. १९३० च्या दशकात हॉरेस बार्कर या अमेरिकी शास्त्रज्ञाने तो नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या कालव्यातील गाळातून वेगळा केला. अल्कोहोलच्या जोरावर तो ॲसेटिक आम्लाला एका वेळी दोन कार्बन जोडत जातो. दोनाचे चार, चाराचे सहा, आणि तयार होते कॅप्रोइक आम्ल. काही जिवाणू अल्कोहोलऐवजी लॅक्टिक आम्लावर हेच काम करतात. डाळ-भाताचे खरकटे डब्यात रात्रभर राहिले, की त्यात लॅक्टिक आम्ल आपोआप तयार होते, म्हणून भारतीय ओला कचरा या वाटेला विशेष सोयीचा आहे. कॅप्रोइक आम्ल पशुखाद्यात, सुगंधी द्रव्यांत आणि वंगणांत लागते, आणि एरवी ते नारळाच्या व पामच्या तेलांतून काढतात.

खरा खर्च आहे तो ही आम्ले पाण्यातून वेगळी करण्याचा. द्रवात ती शेकडा एक-दोन भागच असतात. ॲसेटिक आम्ल पाण्यात पूर्ण विरघळते, त्यामुळे ते ऊर्ध्वपातनाने काढायला त्याच्या किमतीहून जास्त इंधन जळू शकते. कॅप्रोइक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही आणि आम्लधर्मी द्रवात तेलासारखे वर येते; साखळी लांबवण्याचा खटाटोप म्हणूनच सार्थकी लागतो. दुसरी युक्ती म्हणजे आम्ले वेगळी न करता दुसऱ्या जिवाणूंना खाऊ घालणे. काही जिवाणू पोटभर मिळाले की पॉलीहायड्रॉक्सीअल्कनोएट नावाचे पॉलिमर चरबीसारखे साठवतात. फ्रान्समध्ये मॉरिस लेमॉन्य यांनी १९२६ मध्ये ते प्रथम ओळखले. जिवाणूंना आळीपाळीने भरपेट आणि उपाशी ठेवले, तर साठवणारेच टिकतात आणि बाकीचे मागे पडतात. या पॉलिमरचे प्लास्टिक मातीत कुजते. इटलीतल्या ट्रेव्हिसो इथे शहराचा ओला कचरा आणि सांडपाण्याचा गाळ एकत्र आंबवून ते काढण्याचा प्रायोगिक प्रकल्प चालवला गेला. महाराष्ट्रात प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला पॉलीलॅक्टिक आम्लाच्या जैवप्लास्टिकचे प्रात्यक्षिक केंद्र उभारले. तिथला कच्चा माल साखर आहे. कचऱ्यातल्या लॅक्टिक आम्लाला तेवढे शुद्ध करणे ही पुढची अवघड पायरी आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा उपकेंद्र २०१८ पासून जालन्यात आहे, आणि रसायने वेगळी करण्याच्या शास्त्रात या संस्थेचा हातखंडा जुना आहे. मोसंबीच्या सालीपासून सुरुवात करायला याहून जवळची प्रयोगशाळा शोधावी लागणार नाही.

हे सारे घंटागाडीपाशी ठरते. लखनऊला २००३ मध्ये कचऱ्यापासून पाच मेगावॉट वीज काढणारा प्रकल्प उभा राहिला आणि लवकरच बंद पडला, कारण येणारा कचरा मिश्र होता. वाळू आणि विटांचे तुकडे टाकीच्या तळाशी बसतात, प्लास्टिकच्या पिशव्या ढवळणीला गुंडाळल्या जातात, आणि फिनेलची अर्धी बाटली मिथेनजनकांना जड जाते. इंदूरचा प्रकल्प चालतो तो घरातच वेगळ्या झालेल्या कचऱ्यावर. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करणे बंधनकारक केले होते. जालन्याच्या आकाराच्या शहराने आधी मोंढा, हॉटेले, मंगल कार्यालये आणि रसवाले यांच्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल. तिथे थोड्या ठिकाणी पुष्कळ आणि जवळपास एकजिनसी माल मिळतो, आणि घराघरांतली शिस्त बसेपर्यंत टाकीचे जिवाणू त्यावर जोम धरतात.

टाकीतून शेवटी स्लरी बाहेर पडते. पाणीटंचाईच्या या जिल्ह्यात तिच्यातला द्रव भाग गाळून पुन्हा कचरा कालवायला वापरणे भागच आहे. मात्र त्यातला अमोनिया आणि मीठ फार वाढू नये म्हणून काही भाग ताज्या पाण्याने बदलत राहावा लागतो. कचऱ्यातला कार्बन वायू होऊन गेला, तरी नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश स्लरीत जवळपास तसेच उरतात, आणि नायट्रोजनचा बराच भाग पिकाला लगेच घेता येईल अशा रूपात असतो. गाळलेला चोथा काही आठवडे कुजवून मग शेतात घालतात. केंद्राने २०२३ मध्ये अशा आंबवलेल्या सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपयांचे विक्री साहाय्य मंजूर केले. शेतकरी ते घेतो की नाही, हे मात्र खतात काचेचे आणि प्लास्टिकचे तुकडे किती निघतात यावर ठरते.