उघडी पाटी आणि बंद पेटी

गेल्या वर्षीं आमच्या घरांतील एक जुना संगणक मुलांच्या अभ्यासासाठीं पुन्हा उपयोगांत आणावा असें आम्हीं ठरविलें. यंत्र धडधाकट होतें. परंतु त्यावर नवी मुक्त प्रणाली चढवितांच पडद्यावरील चित्र विस्कटूं लागलें. चित्र काढणारें कार्ड ज्या कंपनीचें, तिनें कळविलें कीं, इतक्या जुन्या कार्डाची अंतर्गत माहिती बाहेर देण्याची तिची पद्धत नाहीं. वस्तु आमची, पैसा आमचा. किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला! म्हणूनच विस्मृतींत चाललेल्या एका उद्योगाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटलें.

पडद्यावर चित्र काढण्याचें काम संगणक एका चित्रकार्डाकडे सोंपवितो. या दोहोंमधील दुभाष्या जो प्रोग्रॅम, त्यास ड्रायव्हर म्हणतात. कार्डाच्या कोणत्या कप्प्यांत कोणता आंकडा ठेवला असतां कोणती क्रिया घडते, हें कळल्यावांचून ड्रायव्हर लिहितां येत नाहीं. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हांपासून वाढलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचें म्हणणें असें कीं, प्रोग्रॅम वाचण्याची, सुधारण्याची व इतरांस देण्याची मोकळीक प्रत्येकास असावी. परंतु कार्डाचा कोशच कुलपांत असेल, तर ही मोकळीक दाराशींच अडते. 'नूव्हो' प्रकल्पाच्या मंडळींनीं तर एन्व्हिडिया कंपनीचा ड्रायव्हर तिच्या कार्डास काय काय सांगतो यावर पाळत ठेवून, केवळ अनुमानानें तें व्याकरण जुळविलें.

अमेरिकेंतील अभियंते टिमोथी मिलर यांनीं २००४ सालीं निराळा मार्ग धरला. कोश मागत बसण्यापेक्षां, ज्याचा आराखडा व संपूर्ण माहिती पहिल्या दिवसापासून सर्वांस मिळेल असें कार्ड आपणच कां करूं नये? हाच 'ओपन ग्राफिक्स प्रकल्प' होय. कायमची चिप घडविण्यास आरंभींच प्रचंड खर्च येतो आणि तींत राहिलेली चूक मागून खोडतां येत नाहीं; तो ताम्रपटच. म्हणून या मंडळींनीं आधीं पाटी घेतली. एफपीजीए जातीच्या चिपमधील जोडण्या पाटीवरील अक्षरांप्रमाणें पुसून पुन्हा मांडतां येतात. अशा चिपवर आधारलेला 'ओजीडी१' नांवाचा प्रयोगफलक त्यांनीं सिद्ध केला. २००८ सालीं त्याची आगाऊ मागणी घेण्यास आरंभ झाला. किंमत १५०० डॉलर.

येथेंच घोडें पेंड खाऊं लागलें. याहून कितीतरी वेगवान कार्ड बाजारांत पुष्कळ कमी किंमतीस मिळत असतां, हा फलक प्रयोगशील मंडळींखेरीज घेणार कोण? फलकांच्या विक्रींतून चिपसाठीं भांडवल उभें राहावें हा बेत तडीस गेला नाहीं. ताम्रपट कोरला गेलाच नाहीं.

मग हा खटाटोप व्यर्थच म्हणावयाचा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. एएमडी कंपनीनें २००७ सालीं आपल्या कार्डांची माहिती प्रसिद्ध करण्याचें धोरण जाहीर केलें. २०२२ सालीं एन्व्हिडियानेंहि लिनक्ससाठींच्या ड्रायव्हरचा गाभ्याशीं जोडलेला भाग खुला केला. कार्डावर चालणारें फर्मवेअर मात्र बंदच ठेवलें. याचें श्रेय मिलर यांच्या मंडळीस देतां येणार नाहीं. परंतु त्यांची मागणी अवास्तव नव्हती, एवढें खचित सिद्ध झालें.

आमचा जुना संगणक आतां चित्रांवांचून, नुसतीं अक्षरें दाखवीत, मुलांस टंकलेखन शिकवितो. पुढील यंत्र घेतांना मात्र भाव विचारण्यापूर्वीं आम्ही एक प्रश्न विचारणार आहों: याची माहिती खुली आहे काय?