केरळ : डोंगरापासून समुद्रापर्यंत पाण्याच्या वाटेने

आपल्या मॉरिशसमधील मराठी कुटुंबे भारतयात्रेस निघाली की त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. मुंबई, पुणे, पंढरपूर, शिर्डी आणि जमल्यास कोकणातले पूर्वजांचे एखादे गाव. त्यानंतर पाच-सहा दिवस हाती उरले तर कुठे जावे, हा प्रश्न पडतो. अशा कुटुंबांना केरळ राज्याची वाट दाखवावी, हा या लेखाचा हेतू आहे.

कोणी म्हणेल, समुद्र आपल्याला चारही बाजूंनी आहे, चहाचे मळे ब्वा शेरीला आहेत, डोंगरदऱ्या ब्लॅक रिव्हरला आहेत. मग तेच पाहायला इतक्या दूर कशाला जायचे? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर असे की, जे आपल्याकडे थोडे आहे ते तिथे विशाल रूपात आहे, आणि ते कोणाच्या हातांनी घडले हे ओळखण्याची नजर मळ्यांवर राबलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांना जन्मतःच मिळालेली आहे. इतर प्रवासी हिरवा डोंगर पाहून परततात. आपल्याला त्या डोंगरावरच्या घरांची रांगही दिसली पाहिजे.

आधी थोडा भूगोल पाहू. केरळ ही सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधली एक अरुंद पट्टी आहे. हा सह्याद्री म्हणजे महाराष्ट्रातलाच सह्याद्री, दक्षिणेकडे उतरत गेलेला. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. केरळात तोच पर्वत अनामुडी येथे २६९५ मीटरपर्यंत चढतो. आपले सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर आहे, म्हणजे अनामुडी त्याच्या तिपटीहून उंच. पावसाळाही दोन्हीकडे एकच. नैर्ऋत्य मोसमी वारे साधारण १ जूनला केरळला पोहोचतात आणि पुढे काही दिवसांत कोकणात शिरतात. केरळात ४४ नद्या आहेत. त्यांपैकी ४१ डोंगरातून निघून पश्चिमेकडे वाहतात. डोंगरावर पडलेले पाणी थोड्याच वेळात सपाटीवर आणि तिथून समुद्रात जाते. म्हणून आपणही प्रवास पाण्याच्याच वाटेने, वरून खाली करावा.

मुंबईहून विमान आहेच. पण वेळ असेल तर कोकण रेल्वेने जावे. १९९८ साली ही रेल्वे पूर्ण खुली झाली. नेत्रावती एक्सप्रेससारखी गाडी चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशी स्टेशने मागे टाकत साधारण चोवीस तासांत एर्नाकुलमला आणून सोडते. ज्या मुलुखातून आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज निघाले, तो खिडकीतून पाहत जाण्याचा लाभ वेगळाच. एर्नाकुलमहून मुन्नारला मोटारीने चार-पाच तास लागतात.

मुन्नार : चहाचा डोंगर

मुन्नार म्हणजे तीन नद्या. मुद्रपुळा, नल्लतन्नी आणि कुंडला या नद्या इथे मिळतात. गाव साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे, तेव्हा स्वेटर बरोबर न्यावा. सर्व उतारांवर चहाची झुडपे अशी बसवलेली दिसतात की जणू कोणी कात्रीने गालिचा कापला आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी इथे घनदाट जंगल होते. १८७७ साली मन्रो नावाच्या इंग्रजाने पूंजारच्या राजाकडून हे डोंगर पट्ट्याने घेतले आणि त्यानंतर जंगल तोडून मळे उभे राहिले.

तोडणारे हात मात्र तमिळ मजुरांचे होते. मळ्याचा कंगाणी तमिळ गावांत जाई, घरच्यांच्या हाती उचल ठेवी, माणसे गोळा करून डोंगरावर आणी आणि मग त्यांच्यावर देखरेखही तोच करी. हे वाचताना आपल्या घरांत सांगितल्या जाणाऱ्या सिरदाराच्या गोष्टी आठवल्यावाचून राहणार नाहीत. आजही मुन्नारच्या मळ्यांत मल्याळमपेक्षा तमिळच अधिक कानी पडते. मजुरांच्या घरांच्या ओळींना तिथे 'लयम' म्हणतात. आपल्या साखर इस्टेटीवरील जुना कँप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना लयम म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

सप्टेंबर २०१५ मध्ये या मळ्यांवरील स्त्रियांनी मोठा संप केला. बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आणला जात होता. हजारो स्त्रिया रस्त्यावर बसल्या आणि त्यांनी पुरुष पुढाऱ्यांनाही बाजूला राहायला सांगितले. नऊ दिवसांनी त्यांची मागणी मान्य झाली. नंतर रोजची मजुरी २३२ रुपयांवरून ३०१ रुपयांवर गेली.

ऑगस्ट २०२० मधली एक तारीखही लक्षात ठेवावी. ६ ऑगस्टच्या रात्री मुसळधार पावसात मुन्नारजवळ पेट्टिमुडी येथे डोंगर खचला आणि झोपलेल्या लोकांसह लयमच्या ओळी गाडल्या गेल्या. सुमारे सत्तर माणसे दगावली. ही तारीख आपणही विसरणार नाही, कारण त्याच दिवशी प्वांत देस्नीच्या खडकावर अडकलेल्या 'वाकाशिओ' जहाजातून तेल आपल्या समुद्रात वाहू लागले. पुढे ३० जुलै २०२४ रोजी केरळच्याच वायनाड जिल्ह्यात अशीच दरड कोसळून दोनशेहून अधिक लोकांचा बळी गेला. उतारावरचे जंगल गेले, पाऊस एकाच वेळी धो-धो पडू लागला, आणि घरे असतात ती नेमकी उताराच्या पायथ्याशी. मुन्नारची हिरवळ पाहताना हे माहीत असावे.

मुन्नारहून टॉप स्टेशनला जरूर जावे. नाव इंग्रजी का, असे मुले विचारतील. चहा वाहून नेण्यासाठी इथे एके काळी छोटी आगगाडी होती, तिचे हे वरचे स्टेशन. १९२४ च्या महापुरात ती रेल्वे वाहून गेली, ती पुन्हा बांधली नाही. तिचे एक चाक मुन्नारच्या चहा-संग्रहालयात ठेवले आहे.

रानातले शेजारी

मुन्नारला लागूनच ९७ चौरस किलोमीटरचे एरविकुलम राष्ट्रीय उद्यान आहे. इथला मानकरी म्हणजे निलगिरी ताहर, स्थानिक भाषेत वरयाडू. हा डोंगरी बकरा फक्त दक्षिण भारताच्या या पर्वतरांगांत सापडतो. आश्चर्य असे की माणसाला तो फारसा बुजत नाही, रस्त्याच्या कडेला चरत असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लांचा काळ असल्याने उद्यान बंद ठेवतात. याच उतारांवर नीलकुरिंजी नावाचे झुडूप बारा वर्षांतून एकदा फुलते आणि डोंगर निळा-जांभळा होतो. मागचा बहर २०१८ चा, पुढचा २०३० मध्ये अपेक्षित आहे. आज प्राथमिक शाळेत असलेले मूल तेव्हा मोठे झालेले असेल. बेत आखायला पुरेसा वेळ आहे.

मुन्नारहून साधारण शंभर किलोमीटरवर तेक्कडी लागते. पेरियार व्याघ्र प्रकल्पाचे हे दार. ९२५ चौरस किलोमीटरच्या या रानात वाघ आहेत, पण ते सहसा दर्शन देत नाहीत. हत्ती, गवे, सांबर आणि पाणमांजरे मात्र तळ्याकाठी दिसतात. हे तळे निसर्गाने केलेले नाही. १८९५ मध्ये पेनीक्विक नावाच्या इंजिनिअरने पेरियार नदीवर धरण पूर्ण केले आणि दरीतले जंगल पाण्याखाली गेले. त्या बुडालेल्या झाडांचे काळे बुंधे आजही पाण्यातून वर आलेले दिसतात आणि त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात. धरणाचे पाणी बोगद्यातून पूर्वेला तमिळनाडूच्या कोरड्या शेतांकडे जाते. तिकडे ते जीवन आहे. इकडे खालच्या खोऱ्यातल्या लोकांना जुन्या धरणाची धास्ती वाटते. दोन्ही राज्यांचा वाद त्यामुळे मिटलेला नाही.

तेक्कडीला शक्य असेल तर वाटाड्याबरोबर पायी फिरावे. इथे एके काळी वयना झाडाची साल चोरून नेणारे आणि शिकार करणारे लोक होते. १९९० नंतरच्या दशकात वनखात्याने त्यांनाच हाताशी धरले. रानाच्या चोरवाटा ज्यांना ठाऊक, तेच आता रानाची राखण करतात आणि पाहुण्यांना फिरवतात. १९७४ मध्ये रानात अवघे चार उरलेले आपले मॉरिशसचे ससाणे माणसांनी मेहनतीने वाचवले. पेरियारमध्येही माणसाच्याच हातून रान तुटत होते आणि माणसाच्याच हातून ते राखले जात आहे.

तळ्यात होडीने फिरताना जीवरक्षक जॅकेट घालावे, मुलांना घालावे आणि सर्वांनी एकाच बाजूला धावू नये. ३० सप्टेंबर २००९ रोजी इथेच होडी उलटून ४५ प्रवासी बुडाले होते.

समुद्राच्या खाली पिकणारा भात

डोंगर उतरलो की पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल या नद्या आपल्याला वेंबनाड तलावाकडे घेऊन जातात. बॅकवॉटर म्हणजे काय, हे समजायला आपला बाराश्वा डोळ्यांसमोर आणावा. पण तो मैलोगणती पसरलेला, कालव्यांनी जोडलेला आणि काठावर गावे वसलेला. मल्याळममध्ये त्याला 'कायल' म्हणतात. वेंबनाड सुमारे ९६ किलोमीटर लांब असून भारतातला सर्वांत लांब तलाव मानला जातो.

याच्या दक्षिणेला कुट्टनाड आहे. इथे भाताची शेते समुद्रसपाटीच्या एक-दोन मीटर खाली आहेत! तलावातच चिखल, बांबू व नारळाचे ओंडके रचून बांध घातले आणि आतले पाणी बाहेर काढून शेत केले. पूर्वी हे पाणी मजूर पायांनी चाक फिरवून उपसत, पुढे यंत्रे आली. बांधासाठी तळाशी बुडी मारून चिखल काढणारे बहुतेक पुलय जातीचे भूमिहीन मजूर होते. नाव मालकांचे झाले, घाम त्यांचा गेला. होडीतून जाताना शेत आपल्या पातळीच्या खाली दिसते, तेव्हा त्या कष्टांची कल्पना येते.

समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कम येथे तलावावर बंधारा बांधला. १९७६ च्या सुमारास तो सुरू झाला. डिसेंबरच्या मध्यापासून काही महिने त्याचे दरवाजे बंद असतात. भात वाचला, पण पाणी साचून जलपर्णी माजली आणि मासे-कोळंबी घटली. शेतकऱ्याला दरवाजे बंद हवेत, कोळ्याला उघडे. २०१८ च्या महापुरात, ज्यात केरळमध्ये चारशेहून अधिक लोक गेले, डोंगरावरचे सारे पाणी शेवटी याच खोलगट भागात येऊन थांबले होते.

ज्या हाऊसबोटींची चित्रे आपण पाहतो, त्या मूळच्या भात वाहणाऱ्या 'केट्टुवळ्ळम' होड्या. केट्टु म्हणजे बांधलेली. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. रस्ते झाले, माल मोटारीने जाऊ लागला आणि होड्या पर्यटनाकडे वळल्या. आता त्या इतक्या झाल्या आहेत की पाण्याला त्यांचाच भार झाला आहे. एक रात्र हाऊसबोटीवर राहावे, हरकत नाही. पण एक फेरी सरकारी बोटीनेही करावी. भाडे अगदी कमी, आणि शेजारी शाळकरी मुले, बाजारातून परतणाऱ्या बाया बसलेल्या असतात.

किनारा

शेवटी समुद्र. कोवळमचा किनारा आणि १९७२ चा दीपस्तंभ, वर्कलाचे तांबडे कडे, कोचीची चिनी जाळी, ही सारी प्रसिद्ध ठिकाणे आहेत. एक सूचना मात्र सांभाळावी. आपल्याकडे बहुतेक किनाऱ्यांना प्रवाळाची भिंत आहे. तिथे ती नाही. लाट थेट खोल समुद्रातून येते. लाल निशाण असेल तिथे पाण्यात उतरू नये.

मे २०२५ मध्ये 'एम.एस.सी. एल्सा ३' हे सहाशेहून अधिक कंटेनर वाहणारे जहाज केरळच्या समुद्रात बुडाले आणि प्लॅस्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर पसरले. वाळूतून ते वेचणाऱ्या लोकांचे दुःख आपल्याला परके नाही. उसाचे पाचट पोत्यांत भरून तेल अडवायला महेबुर्गला धावलेले हात आपलेच होते.

जाण्यास उत्तम काळ डिसेंबर ते फेब्रुवारीचा, म्हणजे आपली वर्षअखेरीची शाळेची सुट्टी बरोबर जुळते. सात दिवस पुरेत : मुन्नारला दोन, तेक्कडीला दोन, कुट्टनाडला एक, किनाऱ्यावर दोन. मळ्यात चहा खुडणाऱ्या बाईचे छायाचित्र तिला विचारल्याशिवाय काढू नये. आपल्या आजीचे कोणी तसे काढलेले आपल्याला आवडले नसते.

मुलांच्या हाती एक वही द्यावी आणि प्रत्येक मुक्कामी दोनच गोष्टी लिहायला सांगाव्यात : इथले पाणी कुठून आले आणि कुठे जाते, आणि इथले काम कोणी केले. पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आपण मुलांना दाखवतो त्या याच दुसऱ्या प्रश्नासाठी. तो प्रश्न बरोबर घेऊन गेलेल्या मुलाला मुन्नारचा डोंगर बरेच काही सांगेल.